खुणा जागेवर होत्या, दादा

दादा, काल तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर चारपाच जण तुमच्याविषयी बोलले. सगळे आपल्याच धंद्यातले: कॅमेरावाले, अल्बमवाले, आणि तो ड्रोनवाला, ज्याला तुम्ही कायम ‘पतंगवाला’ म्हणायचात. मलाही बोल म्हणाले. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत, ताटं उचलायच्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं.

प्रत्येकजण फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होता. दादांची नजर गेली तशी त्यांनी आपणहून खुर्ची सोडली, कुणी सांगायची वाट बघितली नाही, असा माणूस आता मिळायचा नाही. माना डोलत होत्या. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी जिलबीच्या ताटाकडे बघत होते.

तुमची नजर गेली नव्हती, दादा. मला हे गेली दोन वर्षं माहीत आहे. आता सांगून उपयोग शून्य, तरी सांगते, कारण मी गप्प बसले म्हणूनच तुम्ही डोळे अधू झालेला माणूस म्हणून गेलात.

सुरुवात त्या मॉनिटरपासून करायला हवी. जाड पाठीचा, पिक्चर ट्यूबचा तो डबा तुम्ही मुंबईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणला होता. लोकांचे टीव्ही पातळ होऊन भिंतीला चिकटले, तरी तुमचा डबा टेबलावरून हलला नाही. हलवायला दोन माणसं लागायची हेही खरंच. लग्नाची फिल्म कापून जोडून मी तयार करायची आणि मग तुम्ही त्या डब्यासमोर बसून एकेका शॉटचे रंग सरळ करायचात. मांडवातल्या हॅलोजनचा पिवळेपणा काढायचा, हॉलमधल्या ट्यूबचा हिरवेपणा काढायचा, आणि नवरीची कांती दारातही तीच आणि बोहल्यावरही तीच दिसली पाहिजे. माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर रंग बघायला मला बंदी होती. “तो भाजीवाल्याचा तराजू आहे नसीम,” तुम्ही म्हणायचात, “सोनं त्याच्यावर तोलायचं नसतं.”

तुमचा सोन्याचा तराजू मात्र वर्षातून एकदाच तपासला जायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी लोक आपापली हत्यारं पुसून पुजतात, तुम्ही मॉनिटर जुळवायचात. तो चालू करायचा आणि टेबलावर एक उदबत्ती लावायची. उदबत्ती संपली की ट्यूब पुरेशी तापली असं धरायचं. मग पडद्यावर नुसता पांढरा चौकोन. शेजारी पांढरी एनॅमलची थाळी आणि तिच्यावर खऱ्या पांढऱ्या उजेडाचा तो खास दिवा, जो वर्षभर मफलरमध्ये गुंडाळून कपाटात असायचा. थाळीचा पांढरा आणि पडद्याचा पांढरा एक होईपर्यंत तुम्ही झाकणाआडची तीन छोटी बटणं, लाल, हिरवं आणि निळं, केसाएवढी इकडेतिकडे करायचात. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. जुळलं की प्रत्येक बटणावर वहिनींच्या नेलपॉलिशची बारीक रेघ. ती रेघ माझ्याकडून मारून घ्यायचात, कारण तुमचा हात कापायचा. झेंडूची माळ सगळ्यात शेवटी, पिवळी फुलं समोर असली की डोळा फसतो म्हणून. मग पुढच्या खंडेनवमीपर्यंत बटणांना कुणी हात लावायचा नाही, आणि काचेला तर मुळीच नाही.

आपलं भांडण ठरलेलं होतं. मी रंग मोजायचं यंत्र आणलं. पडद्यावर टांगलं की ते आकडे सांगायचं. तुम्ही त्याला डब्याच्या जवळसुद्धा येऊ दिलं नाहीत. “थर्मामीटरनं ताप कळतो, माणूस कळत नाही.” मी म्हणायची, “ताप तरी कळू द्या.” यावर तुम्ही चहा मागवायचात. नऊ वर्षांत हे भांडण एक पायरी पुढे गेलं नाही की मागे आलं नाही.

तुमच्याकडून मी काय घेतलं ते नाही सांगितलं तर हा सगळा कबुलीजबाबच व्हायचा, म्हणून तेही सांगते. कामावर आले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला भाजीबाजारात नेलंत आणि निळ्या ताडपत्रीखालच्या एका पाटीपुढे उभं केलंत. विचारलंत, “टोमॅटो कुठल्या रंगाचे?” मी म्हटलं, “लाल.” “नीट बघ.” मी बघत राहिले. भाजीवाली वैतागली, “ओ ताई, घ्यायचे आसतील तं घ्या, नायतं सरका.” खूप वेळानं मला दिसलं, ते जांभळट काळे होते. तुम्ही म्हणालात, “तुला टोमॅटो माहीत आहेत म्हणून तू लाल म्हणालीस. माहीत असलेलं विसरायचं आणि दिसतंय ते बोलायचं.” मग अर्धा किलो घेतलेत, त्या बाईचा खोळंबा केला म्हणून. मी आज जे काही करते ते त्या पाटीपाशी शिकले.

आणि एका गिऱ्हाइकानं जेव्हा तोंड वाकडं करून विचारलं की आमच्या लग्नाचं काम ही मुसलमान मुलगी करणार का, तेव्हा तुम्ही मानही वर केली नव्हतीत. “मंगलाष्टकं भटजी म्हणतात,” तुम्ही म्हणालात. “ती म्हणायला हिलाही सांगत नाही आणि मलाही येत नाहीत. आम्ही रंग बघतो.” तो माणूस दोन्ही मुलींच्या लग्नाला आपल्याकडेच आला. मी तुमचे आभार मानले नव्हते. आता मानते.

आता काच.

ती उदबत्ती फक्त खंडेनवमीला नव्हती. रोज सकाळी तुम्ही मॉनिटर चालू करायचात आणि तो तापेपर्यंतचं घड्याळ म्हणून उदबत्ती लावायचात, काचेपासून वीतभर अंतरावर. तसल्या ट्यूबच्या काचेला वीज धरते आणि ती धूळधूर सगळं ओढून घेते. वर्षानुवर्षं. तुमच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही, कारण ते रोज इतकं थोडं होतं की दिसण्यासारखं नव्हतंच.

तुम्ही खुर्ची सोडलीत त्याआधीच्या दिवाळीत, पाडव्याला, तुम्ही आणि वहिनी लेकीकडे पुण्याला गेलात. चावी माझ्याकडे होती. शेजारची दुकानं सजलेली, आपलीच खोली तेवढी कळकट. सण तुमचा, पण साफसफाईची हौस माझ्या अंगात आली. अम्मी म्हणालीसुद्धा, “अपने घर की खिडकियाँ कब से पड़ी हैं, और तू दुकान चमकाने चली.” मी पंखा पुसला, वायरी गुंडाळल्या, आणि मग स्पिरिट घेऊन मॉनिटरची काच पुसली. फडकं चहाच्या रंगाचं झालं. मला केवढं बरं वाटलं तेव्हा! तुम्ही आलात की चकित व्हाल असं वाटलं. मग तुमचा नियम आठवला आणि बोलणी बसतील म्हणून मी फडकं फेकून दिलं.

तुम्ही परत आलात. उदबत्ती लावलीत, ती संपली, पडदा उजळला. तुम्ही थोडे मागे सरलात आणि विचारलंत, “नसीम, आज पडदा जरा गार दिसतोय का गं?”

मी म्हटलं, “खुणा जागेवर आहेत, दादा.”

त्यात एक शब्द खोटा नव्हता. तुम्ही झाकण उघडलंत, तिन्ही रेघा बघितल्यात, तिन्ही नीट समोरासमोर होत्या. “मग प्रवासानं डोळे थकले असतील,” म्हणालात आणि कामाला बसलात.

इथे मला तुमचाही राग येतो, खरं सांगते. जन्मभर डोळ्याची महती गाणारा माणूस! तुमच्या डोळ्यानं पहिल्याच मिनिटाला बरोबर सांगितलं होतं, आणि तुम्ही त्याचं ऐकायचं सोडून नेलपॉलिशचं ऐकलंत. माझं यंत्र चाललं नाही, आणि मी मारलेली रेघ चालली. पण विचारलंत तर मलाच ना. त्याच वेळी मी “काच पुसली” असे दोन शब्द बोलले असते, तर तुम्ही ओरडला असता, थाळी काढली असती, आणि दुपारपर्यंत सगळं जुळलं असतं.

तुळशीची लग्नं लागली आणि माणसांची सुरू झाली. तुम्ही फिल्ममागून फिल्म करत होतात. पिवळट काजळीच्या हिशेबानं निळा वाढवून जुळवलेला पडदा, वरची काजळी गेली, म्हणून प्रत्येक चित्र निळसर दिसत होतं आणि तुम्ही ते इमानदारीनं पिवळं करत होतात. माझ्या स्क्रीनवर मला ते पिवळं दिसायचं. पण भाजीवाल्याचा तराजू! मी बोलले नाही.

मग वणीच्या त्या द्राक्षवाल्या पाटलांचा फोन आला. तुम्ही तो स्पीकरवर टाकलात, गंमत म्हणून. “ओ भाऊ, आमची पोरगी कावीळ झाल्यावानी दिसती ना! हळदीचं ठीक हाय, पर वरातीतबी पिवळीच? नवरदेवबी पिवळा, भटजीबी पिवळा, सासू तं लयच पिवळी.” आपण दोघं हसलो. तुम्ही म्हणालात, त्यांचा टीव्ही बिघडलाय. दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं वणीला गेलात. त्यांच्या टीव्हीवर बघितलंत, त्यांच्या भावाच्या टीव्हीवर बघितलंत, शेवटी नवरीच्या मोबाइलवर बघितलंत. परत आलात. पिशवीत त्यांनी दिलेली द्राक्षं होती, ती टेबलावर ठेवलीत आणि झाकण उघडून पुन्हा त्या तीन रेघा बघितल्यात. बराच वेळ बघितल्यात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. अजून पिकला नाही, घाई नाही. साठीच्या आसपास कुणालाही सांगतात तसं. पण तुम्हाला तेवढं पुरलं. संक्रांतीच्या दिवशी तुम्ही माझ्या हातावर तिळगूळ ठेवलात आणि खुर्चीकडे बोट केलंत. “बस. आता तुझा डोळा.” मला रडू आलं. तुम्हाला वाटलं तुमच्यासाठी. निम्मं तुमच्यासाठी होतं. निम्मं आनंदाचं होतं, नऊ वर्षं मी त्या खुर्चीची वाट बघत होते.

आठवडाभरानं मी माझं यंत्र काढून पडद्यावर टांगलं. निळा भलताच जास्त. आधी म्हटलं, ट्यूब म्हातारी झाली. मग पडद्यावर नुसता पांढरा आणला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात मला बोटभर जागा दिसली, जिथे माझं फडकं पोहोचलं नव्हतं. तिथे अजून काजळी होती. आणि तेवढ्याच जागेत पांढरा पांढराशुभ्र होता. बाकी सगळा पडदा निळसर.

मी उठून खिडकी उघडली, पुन्हा बसले. कळायला वेळ लागला नाही. तुम्ही तेव्हा घरी होतात, स्टुडिओपासून दहा मिनिटांवर. मी गेले नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्याच्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आली आणि म्हणाली, “मॅडम, रंग तुम्हीच करणार ना?” मी हो म्हटलं. खुर्ची ही फार वाईट वस्तू आहे, दादा, माणूस तिच्यात पटकन मावतो.

मग नवीन खुणा करून टाकल्या, यंत्राप्रमाणे. जुन्या रेघा रिमूव्हरनं पुसल्या. पिवळ्या गेलेल्या बाकीच्या फिल्म मी गिऱ्हाइकांना बोलावून गुपचूप सुधारून दिल्या. वणीवाल्यांनी तेवढं नको म्हटलं. म्हणाले, राहू द्या आता, सवय झाली.

गेल्या खंडेनवमीला तुम्ही आला होतात. मागच्या स्टुलावर बसलात, खुर्चीत बसा म्हटलं तरी बसला नाहीत. विचारलंत, “जुळलाय?” मी म्हटलं, “यंत्र म्हणतंय जुळलाय.” “मग जुळलाच.” इतक्या वर्षांचं भांडण तुम्ही असं टाकून दिलंत आणि मला जिंकल्याचं काही वाटलं नाही. तुम्ही उदबत्ती लावलीत. मी ती उचलून खिडकीत ठेवली.

“तिकडे का गं?”

“धुरानं काच खराब होते, दादा.”

“होय?” तुम्ही म्हणालात. “मला कधी दिसलं नाही. पण माझ्या दिसण्याचं काय घेऊन बसलीस.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी पेढा पुढे केला.

दहाव्याला गंगेवर, आपल्या गावच्या घाटावर, मी पायऱ्यांच्या वरच्या बाजूला उभी होते, फुलवाल्यांच्या जवळ. मी ऐकून होते की कावळा शिवला नाही तर नातेवाईक हात जोडून सांगतात, तुमचं राहिलेलं आम्ही पुरं करू. मी मनाशी ठरवलं होतं, सगळे सांगून थकले की मी खाली उतरेन आणि सांगेन. लोकांना काय वाटायचं ते वाटो. पण पिंड ठेवून माणसं चार पावलं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला. कुणीतरी म्हणालं, समाधानानं गेले. कसलं समाधान! मला त्या कावळ्याचा इतका राग आला की मी चप्पल हातात घेऊन तशीच रविवार कारंजापर्यंत चालत आले.

आज सकाळी स्टुडिओ उघडला आणि वणीची फिल्म काढली. सहाशेच्या वर शॉट आहेत. एकेक बघत गेले. हळद, मांडव, वरात, सासू. सगळे पिवळे, पण सगळे सारखेच पिवळे. दुपारच्या उन्हातला आणि हॉलच्या ट्यूबखालचा, दोन्ही शॉट तेवढेच चुकलेले, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. ज्याचा डोळा बिघडला तो कुठे जास्त चुकतो, कुठे कमी चुकतो. तुम्ही कुठेच चुकला नव्हतात. मी अख्ख्या फिल्मवर एकच दुरुस्ती टाकली, त्या पुसलेल्या काजळीएवढी. सहाशे शॉट एकदम सरळ झाले. नवरीची कांती दारात तीच, बोहल्यावर तीच. मी दोन वर्षं त्या खुर्चीत आहे, मला अजून असं काम जमलेलं नाही.

ती फिल्म घेऊन मी दुपारी तुमच्या घरी गेले. वहिनी एकट्याच होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: काच, फडकं, रेघा, खुर्ची. त्या रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “बस.”

तेव्हा त्यांच्याकडून मला कळलं की गेली दोन वर्षं रोज सकाळी तुम्ही डोळ्यांची परीक्षा घेत होतात. वहिनी दोरीवर साड्या वाळत घालायच्या आणि तुम्ही गॅलरीत बसून, एक डोळा झाकून, रंग सांगायचात. डाळिंबी. आमसुली. चिंतामणी. वहिनी म्हणायच्या, बरोबर. तुम्ही म्हणायचात, माझं मन राखू नकोस. त्या म्हणायच्या, अहो, खरंच बरोबर आहे. तुम्ही म्हणायचात, नसीम माझं मन राखत नाही, ती सरळ सांगते. तू आपली बायको आहेस म्हणून हो ला हो करतेस. शेवटी शेवटी त्यावरून तुमची भांडणं व्हायची. एकदा तुम्ही दिवसभर जेवला नव्हतात.

“दोन वर्षं त्यांना वाटलं मी खोटं बोलते,” वहिनी म्हणाल्या, “आणि तू खरं.”

वहिनी उठल्या, कपाटातून एक साडी आणली आणि गॅलरीच्या उजेडात माझ्यापुढे धरली. “ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची ही. यावरूनच वाजलं होतं आमचं. तुझी नजर चांगली आहे ना? सांग.”

मी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. घाई केली नाही. माहीत असलेलं विसरायचं आणि दिसतंय ते बोलायचं.

“मोरपंखी,” मी म्हटलं.

वहिनींनी साडीची घडी घातली. “तेही मोरपंखीच म्हणाले होते.”